शेवटच्या गाडीचा डहाळा

डिसेंबरात कुपवाडच्या कारखान्यातून चार दिवसांची रजा मिळाली, तेव्हा मी ठरवलं, जंगल बघायचं. यात हसण्यासारखं काही नाही. मी आटपाडीकडच्या माळावरचा माणूस. आमच्याकडे झाड म्हणजे बाभूळ, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर तीही शोधावी लागायची. त्या दुष्काळाला तीनच वर्षं झाली होती. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवर, सह्याद्रीच्या अंगाला असं रान आहे की दुपारी बारालाही ऊन जमिनीला लागत नाही, असं आमच्या फिटरने सांगितलं होतं. मला ते खरं वाटलं नाही. आणि जे खरं वाटत नाही ते स्वतः जाऊन बघायचं, ही कॉलेजने लावलेली सवय.

आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी. हे सांगितलं की लोकांना बढाई वाटते, वाटू दे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही येत नाही. माझ्या पदवीचा कागद त्यांनी उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "शिक्का झ्याक हाय." आमची पिढीजात मेंढरं. लहानपणी मी आबांबरोबर कळपाच्या मागे चालायचो. तीनशे मेंढरांनी उडवलेला फुपाटा (पिठासारखी मऊ धूळ) नाकातोंडात जायचा, रात्री थुंकी काळी पडायची. तेव्हाच मनाशी धरलं होतं की शिकायचं आणि या धुळीच्या पुढे जायचं. पगारातून जुनी मोटरसायकल घेतली ती त्याच हट्टाने. गावाकडे तिला फटफटीच म्हणतात. मी आधी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं.

या प्रवासाची हकीकत मी कारखान्यात दोघाचौघांना सांगितली, पण निम्मीच. आज पूर्ण लिहितो आहे. तिच्यात माझा मोठेपणा कुठेही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहाटे सांगलीत कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा पाण्यावर धुकं होतं. इस्लामपूरच्या पुढे गुऱ्हाळं पेटलेली, नव्या गुळाचा वास, आणि उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा. कराडला संगमावर पाच मिनिटं थांबलो. कृष्णा आणि कोयना तिथे शेजारून येऊन मिळत नाहीत, समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात वळून एकत्र निघतात. नद्यांना ते जमतं.

ढेबेवाडीला डांबर संपलं. हॉटेलात भजी खाता खाता शेजारच्या म्हाताऱ्याला वरच्या रानाची वाट विचारली. डब्यात जादा पेट्रोल बांधलेलं बघून तो म्हणाला, "फटफटीवर? वर काय काम काढलंसा?"

"काम नाही. झाडं बघायची आहेत."

"झाडं?" त्याने भजं खाली ठेवलं. "आवं मग येवढ्या लांब कशाला? आमच्या परड्यात दोन फनस हायत की. या, बगा, च्या पिऊन जावा."

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, पण वाट मिळाली. लाकडाच्या ठेकेदाराने ट्रकसाठी काढलेला कच्चा रस्ता पठारावर चढतो, तिथून पलीकडे वारणेच्या खोऱ्यात उतरतो. मला तिकडून शिराळ्यामार्गे सांगलीला परतायचं होतं.

चढ सुरू झाला आणि तासाभरात फिटरचं म्हणणं पटलं. दोन्ही बाजूंनी अंजन, जांभूळ, हिरडा यांच्या फांद्या वर एकमेकींत अडकलेल्या. खाली कारवीची (माणसाच्या उंचीएवढं दाट झुडूप) भिंत. माळावर मला चार मैलांवरचा माणूस दिसायचा, इथे चार पावलांवरचं दिसेना. उजेड हिरवा आणि जुना वाटत होता. ट्रकच्या चाकांनी रस्त्यात दोन खोल चऱ्या पाडलेल्या, त्यांत गुडघाभर फुपाटा. पुढचं चाक एकदा चरीच्या काठाला लागलं आणि मी आडवा झालो. पायाला सायलेन्सर भाजला. उठून पाहतो तर समोरच्या वळणावर गवा उभा.

मी आधी म्हैस समजलो. मग त्याने मान वळवली. खांद्याचा उंचवटा माझ्या डोक्याच्या वर होता आणि चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. त्याच्या मागे कारवीत आणखी काही हलत होतं. मी इंजिन बंद केलं. पळायला जागा नव्हती, गाडी वळवायला तर नव्हतीच. तो फुसकारला, एक पाय आपटला. मला कॉलेजात शिकलेलं काहीही आठवलं नाही. आबा चिडलेल्या बैलापुढे खाली बघत उभे राहतात तेवढं आठवलं, म्हणून मी खाली बघितलं. केव्हातरी कारवी मोडल्याचा आवाज झाला आणि वाट रिकामी झाली.

दिवस मावळायच्या सुमाराला पठारावर पोचलो. ठेकेदाराची झोपडी, ओंडक्यांचे ढीग, आडवा बांबू टाकलेला नाका, आणि भरून उभे असलेले तीन ट्रक. मुक्काम तिथेच केला. हिरव्या टपाच्या ट्रकच्या ड्रायव्हरने मला आपल्या चुलीपाशी बोलावलं. त्याचं नाव सुबराव, गाव कराडजवळ. चौदा वर्षं फौजेत गाडी चालवून आलेला. त्याचा क्लीनर म्हणजे त्याचा सख्खा चुलता, साठीला आलेला. ड्रायव्हर पुतण्या आणि क्लीनर चुलता, म्हणून हुकूम कोण कोणाला सोडतं ते कळायचं नाही.

"अण्णा, मीठ द्या," सुबराव म्हणाला.

"हात लांब कर की. ब्रेक दाबायला पाय लांब हुतोय, मिठाला हात हुईना व्हय?"

तव्यावरची भाकरी, झणझणीत आमटी आणि कच्चा कांदा. खाताना सुबरावने पुढच्या वाटेची माहिती दिली.

"सात मैलांचा उतार हाय. एकच गाडी मावती. मधी कोरण हाय, कडा फोडून केल्याली, अर्धा मैल. तितं दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं खाली जायाचं."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हंजे खाली." त्याने हाताने दाखवलं. चुलता जेवायचा थांबला. सुबराव म्हणाला, "भरल्याली गाडी उतारावर मागं येत न्हाई गड्या. ब्रेक तापल्यावर थांबंल का न्हाई, तेबी तिच्याच मनावर. म्हनून सकाळी आमी भरल्याली उतरतो. आमी समदी खाली पोचलो की मग खालनं रिकाम्या गाड्या चढत्यात."

खालच्या नाक्याला टेलिफोन नाही. मग सगळ्या गाड्या आल्या हे तिथल्या माणसाला कळतं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. सहावीतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही.

सकाळी तिन्ही ट्रक सुरू झाले. मी फटफटी घेऊन मागे उभा. तेवढ्यात नाक्यावरचा माणूस सुबरावच्या ट्रकच्या मागे गेला. तिथे बांधलेला जांभळाचा डहाळा (पानांसकट मोडलेली ओली फांदी) त्याने सोडला आणि माझ्या कॅरियरला सुंभाने घट्ट बांधला.

"आता तुमी शेवटचं," तो म्हणाला. "समद्यांच्या मागनं जायाचं. डहाळा खालच्या नाक्यावर नानाच्या हातात द्यायाचा."

मला वाटलं, वाटेवर एखादा देव असेल, त्याचं हे काही असेल. आमच्याकडेही मेंढरं घाटात घालताना दगड ठेवतात. मी मनातल्या मनात हसलो. 'हे कशाला?' असं विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण त्या माणसाच्या अंगात फाटका सदरा होता आणि माझ्या खिशाला पेन होतं. पेनवाल्याने असले प्रश्न विचारायचे नसतात, असं मला तेव्हा वाटायचं.

तीन भरलेल्या ट्रकच्या मागे उतरणं म्हणजे काय, ते मेंढरांमागे चाललेल्यालाच कळेल. पहिल्या मैलातच डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या. चष्मा पुसला की दोन मिनिटांत पुन्हा पिवळा. मी मुद्दाम एक-दोन वळणं मागे राहू लागलो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, गाडी नुसती घरंगळत सोडली होती. जंगल खात्याचा हद्दीचा दगड लागला, एका बाजूला सातारा, दुसऱ्या बाजूला सांगली. आपल्या जिल्ह्यात आलो म्हणून बरं वाटलं.

एका वळणावर ओढा होता. तिथे रस्ता थोडा रुंद होता आणि सुबरावचा हिरवा ट्रक कडेला उभा होता. चाकांमागे दगड लावलेले. ब्रेकच्या जळक्या वासाने हवा भरलेली. माणूस कोणी दिसेना. खाली डोहाकडे पत्र्याच्या डब्यांचा आवाज येत होता, चाकांवर ओतायला पाणी आणायला दोघं उतरले असावेत.

मी थांबलो. पुढच्या दोन ट्रकची धूळ खाली बसत होती. समोरचा रस्ता धुतल्यासारखा दिसत होता. 'समद्यांच्या मागनं' हे शब्द कानात होते, नव्हते असं म्हणणार नाही. पण मी म्हटलं, ही गाडी निघायला अर्धा तास लागेल आणि मग शिराळ्यापर्यंत पुन्हा हिची धूळ खायची. मी ब्रेक सोडला आणि आवाज न करता ट्रकच्या बाजूने घरंगळत पुढे निघून गेलो.

तो उतार मला फार आवडला, हेही लिहितो. स्वच्छ हवा, डाव्या हाताला दरी, खाली वारणेची रेघ. कोरण आली आणि तो आनंद संपला. उजवीकडे काळा कडा खांद्याला घासत होता, डावीकडे ट्रकच्या चाकाने कुरतडलेली कड, आणि तिच्याखाली झाडांचे शेंडे. फटफटीवर असूनही मी कड्याला चिकटून गेलो. कोरणीनंतर दोन मैलांवर खालचा नाका.

नाक्यावर बांबूच्या अलीकडे दोन भरलेले ट्रक सुटून गेल्याच्या खुणा आणि पलीकडे तीन रिकामे ट्रक चढायला तयार. नाकेदार, म्हणजे हाच नाना, पांढऱ्या मिशांचा. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, कॅरियरकडे पाहिलं. डहाळा सोडला, झोपडीमागच्या वाळक्या डहाळ्यांच्या ढिगावर टाकला आणि बांबू वर केला. रिकामे ट्रक गुरगुरत वर निघाले. धूळ उडाली, पण ती आता माझ्या मागे होती.

हौसाबाई नावाच्या बाईचं तिथे चहाचं छप्पर होतं. मी तोंड धुतलं, बाकावर बसलो. शेजारी एक डोंगरातला धनगर घोंगडी घेऊन बसला होता, लोण्याचं गाडगं विकायला आलेला. माझं गाव ऐकून म्हणाला, "म्हंजे मेंढरंवालं. आमी म्हशीवालं. नाव जानबा." माझा चहा अर्धा झाला होता.

हौसाबाईने चुलीवरच्या झाकलेल्या भांड्याकडे बघत विचारलं, "आन हिरव्या टपाचा सुबराव कुटं ऱ्हायला? त्यो आला की त्याचा चुलता कुनाला बसू देत न्हाई हितं बाकावर. च्या निवतोय त्येंचा."

"ते मागे आहेत," मी म्हटलं. "ओढ्यावर पाणी भरत होते."

नाना बांबूला दोरी बांधत होता, त्याच्या हातातून दोरी सुटली.

"मागं हाय?" तो म्हणाला. "मग डहाळा तुमच्यासंगट कसा?"

माझ्या हातात कप तसाच राहिला. त्या एका वाक्यात मला सगळं समजलं. डहाळा देवाचा नव्हता. ज्याच्याजवळ डहाळा तो शेवटचा. तो पोचला म्हणजे वाट मोकळी. मी सुबरावला वर ठेवून वाट मोकळी केली होती आणि तीन ट्रक त्याच्या अंगावर सोडले होते.

"हॉर्न," मी म्हटलं, "हॉर्न वाजवून त्यांना—"

"चढावर गाडीवाल्याला सवताचा आवाज ऐकू येत न्हाई," नाना म्हणाला. "आन त्येंच्या बाजूनं तुमाला फुडं जाता यायचं न्हाई. वाट न्हाई तेवडी." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो मला शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

जानबा उठला. "म्हशीची वाट हाय," तो म्हणाला. "छपराच्या मागनं सरळ वर, कोरणीच्या वरल्या अंगाला निघती. पळत गेलो तर मी पोचंन, पर टाइम लागंल. ही तुमची फटफटी चढंल का?"

"चढवू," मी म्हटलं.

नानाने ढिगावरून तोच डहाळा उचलला आणि हँडलला, दिव्याच्या पुढे बांधला. "सुबराव शाना हाय," तो म्हणाला. "डहाळा समोरनं येताना दिसला की तो समजंल."

ती वाट गाडीसाठी नव्हतीच. म्हशींच्या खुरांनी पडलेली, कारवीतून जाणारी, पायऱ्यांसारखी. पहिल्या गिअरात इंजिन ओरडत होतं. जानबा कधी पुढे पळत फांद्या बाजूला करी, कधी मागे येऊन दोन्ही हातांनी ढकली. मागचं चाक सुटून फिरायचं, माती उडायची, आणि तो मागून ओरडायचा, "सोडू नगा, सोडू नगा! दाब रं, दाब!" मध्येच तो मला अहो-जाहो म्हणायचा आणि मध्येच अरे-तुरे. एका ठिकाणी गाडी उलटी आली, माझ्या पोटरीवर सायलेन्सर पुन्हा टेकला. भाजल्याचा वास आला, दुखलं ते दुसऱ्या दिवशी. डावीकडून, खालून, तीन ट्रकची घरघर ऐकू येत होती. ती आमच्याबरोबर वर चढत होती. आम्ही थांबलो की तीच एक गोष्ट चालू असायची.

जानबा एकदाच बोलला. "त्येचा चुलता माज्या पोरीच्या लग्नात वाढायला हुता," तो धापा टाकत म्हणाला आणि पुन्हा ढकलू लागला.

कारवी संपली आणि आम्ही एकदम रस्त्यावर फेकल्यासारखे आलो. खाली कोरणीत आवाज घुमत होता, ट्रक कोरणीत शिरले होते. जानबाने घोंगडी हातात घेतली. "मी ह्येंना आडवतो. तू वर जा," म्हणाला आणि उतारावर धावत सुटला.

मी वर निघालो. किती गेलो ठाऊक नाही, दोन वळणं असतील. तिसऱ्या वळणाआधी मला भरलेल्या ट्रकचं गिअरातलं रडणं ऐकू आलं. तो माझ्या कल्पनेपेक्षा फार जवळ होता.

वळणावर समोर हिरवा टप उगवला. मी गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी घातली, खाली उतरलो आणि दोन्ही हात वर केले. ओरडलो का, ते आठवत नाही. काचेमागे सुबरावचा चेहरा दिसला. त्याची नजर माझ्यावर नव्हतीच, डहाळ्यावर होती. मग त्याने स्टिअरिंग दरीच्या उलट बाजूला, कड्याच्या अंगाला ओढलं. ट्रकचं नाक मातीच्या बांधात घुसलं, पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला, वरचे ओंडके एकमेकांवर आपटले. मागची चाकं तरीही घसरत होती. दार उघडून चुलता खाली पडला म्हणावं की उतरला म्हणावं, पण त्याच्या पोटाशी धोंडा होता. साठीच्या माणसाने तो धावत्या चाकाखाली घातला, मग दुसरा. तिसरा मी उचलला. तो कसा उचलला गेला ते आजही कळत नाही, नंतर मला तो हलवतासुद्धा आला नाही.

ट्रक थांबला. फटफटीपासून दोन हातांवर.

धूळ बसली. मग सुबराव खाली उतरला, डहाळ्याजवळ आला, त्याचं एक पान चुरगाळून बघितलं.

"खालनं सोडल्या?" त्याने विचारलं.

"तीन. कोरणीत आहेत. जानबा थांबवायला गेलाय."

त्याने मान हलवली. बांधावर बसला, बिडी काढली. चुलत्याने काडी ओढून दिली.

"फौजेत आमी मागल्या गाडीला झेंडा लावायचो," सुबराव म्हणाला. "लाल. त्यो येस्तवर समोरची गाडी हलायची न्हाई. मोठा सायेब असू दे. हितं झेंडा कुटला, म्हनून डहाळा." मग माझ्याकडे बघून, "तू कितवी शिकलास रं?"

"बी.ए."

"मग बराबर हाय," चुलता म्हणाला. "चवथीवाला थांबला आसता."

मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी विचारायला हवं होतं."

"इच्यारायचं काय त्येच्यात?" चुलता म्हणाला. "सांगितलं हुतं की, मागनं जायाचं. कारन कळंस्तवर ऐकायचंच न्हाई, असं शिकवत्यात काय कालिजात?"

मी जाऊन हिरव्या ट्रकच्या चाकाला आणखी एक दगड लावला.

खालचे तीन ट्रक जानबाने घोंगडी फडकावून थांबवले होते, कोरणीत निम्म्यावर. ते पाव मैल उलटे काढायला दोन तास लागले. प्रत्येक ट्रकच्या मागे एक माणूस चालत होता आणि फळीवर थाप मारत होता. एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. मीही एका ट्रकमागे दगड घेऊन चाललो. त्या ड्रायव्हरने मला दोन तासांत जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या, आणि प्रत्येक थापेला त्याने माझाच शब्द मानला. कोरणीच्या खाली रुंद जागेत ते तिघं कडेला लागले.

मग सुबरावचा ट्रक बांधातून काढला. पुढचा पत्रा चेपला होता, बाकी धड होतं. निघताना त्याने हँडलवरचा डहाळा सोडला. मला वाटलं, आता तो स्वतःच्या ट्रकला बांधेल. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. तो माझ्या गाडीच्या मागे गेला आणि सुंभाची गाठ कॅरियरला मारली.

"शेवटी कोन हाय?" त्याने विचारलं.

"मी."

"मग बस."

उतारावर मी त्याच्या मागे दहा हातांवर राहिलो. फुपाटा चष्म्यावर, दातांत, सदऱ्यात, सगळीकडे. एकदाही मागे पडलो नाही, एकदाही पुढे सरकलो नाही. खाली पोचलो तेव्हा हौसाबाईने मला ओळखलंच नाही. नाना बांबूपाशी उभा होता. त्याने डहाळा घेतला, पण ढिगावर टाकला नाही. हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"मागं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

मग त्याने तो टाकला. हौसाबाईने चहा तिसऱ्यांदा गरम केला होता. चुलता बाकावर ऐसपैस बसला आणि बोट दाखवून म्हणाला, "बी.ए., सरकून बस."

शिराळ्यामार्गे सांगलीला आलो, पण खोलीवर थांबलो नाही. रजेचे दोन दिवस उरले होते, ते घेऊन गावी गेलो. माळ नेहमीसारखा उघडा, मैलोन्‌मैल एकच उजेड. आबा दिवस मावळताना मेंढरं घेऊन परत येत होते. मी फटफटी बांधाला लावून त्यांच्याबरोबर चालू लागलो आणि सगळं सांगितलं, लपवलं नाही काही.

आबांनी ऐकून घेतलं. मेंढरं हाकत राहिले. मला वाटलं, त्यांना ट्रक आणि घाट कळला नसेल.

"मेंढरामागं कोन चालतं रं आपल्यात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"का?"

वीस वर्षं मला वाटत आलं होतं की धूळ खायला कोणीतरी लागतं म्हणून. लंगडं कोकरू मागे पडतं, गाभण मेंढी बसते, लांडगा मागूनच येतो, हे सगळं मी पाहिलेलं होतं. त्याचा आणि मागे चालणाऱ्या माणसाचा संबंध कधी जोडला नव्हता.

"फुडं कोनबी चालतंय," आबा म्हणाले. "कुत्रंबी चालतंय फुडं. मागं घरचा मानूस लागतो." आणि हातातली काठी माझ्या हातात देऊन ते कळपाला वळसा घालत पुढे निघून गेले.

मी मागे राहिलो. पायात शहरातले बूट होते आणि पोटरीवरचा फोड ठणकत होता. एक कोकरू दोनदा मागे राहिलं, दोनदा पुढे घातलं. वाघरीपाशी (मेंढरं कोंडायची जाळी) पोचेपर्यंत अंधारून आलं होतं आणि धुळीत आबा नुसते आकारासारखे दिसत होते. जाळीचं तोंड हातात धरून ते थांबले.

"मागं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, आबा," मी म्हणणार होतो. आधी वळून पाहिलं, आणि मग म्हटलं.